पायी चालण्याजोगे शहर : मिश्र वस्ती आणि वाहतुकीचा प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भूगोलाचे अध्यापक होते. भूगोल म्हणजे दूरच्या देशांची नावे पाठ करणे नव्हे, तर आपण जेथे उभे आहोत ती जागा समजून घेणे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे संस्थेने मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आपल्या पायाखालचाच विषय घ्यावा असे मी ठरविले. हा विषय म्हणजे इंदूर शहरातील वाहतूक, आणि तिच्याशी निगडित असलेली वस्तीची रचना.

वाहतुकीविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा रस्त्यांविषयी बोलतो. रस्ता अरुंद आहे, चौकात सिग्नल नाही, पूल हवा, पोलीस हवा, अशी आपली तक्रार असते. या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु रस्त्यावर दिसणारी गर्दी हे लक्षण आहे. रोगाचे मूळ अन्यत्र असते. माणूस हौसेने फारसा प्रवास करीत नाही. त्याला दूध हवे असते, औषध हवे असते, मुलाला शाळेत पोहोचवायचे असते, कामावर जायचे असते. या गोष्टी घरापासून किती अंतरावर आहेत आणि तेथवर पायी जाता येते की नाही, यावरच त्या दिवशी रस्त्यावर एक वाहन वाढणार की नाही हे ठरते. म्हणून वाहतुकीचा विचार घराच्या उंबरठ्यापासून सुरू व्हावा, असे मला वाटते.

आपले जुने इंदूर हे या विचाराचे चांगले उदाहरण आहे. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून येथे आली आणि राजवाड्याभोवती पेठा दाटत गेल्या. सराफ्यात सोने-चांदी, सीतलामाता बाजारात कापड, खजुरी बाजारात वह्या-पुस्तके, आणि या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर व मागच्या बोळांतून नांदती घरे. मराठी मंडळींचे वाडे, देवळे, वाचनालये, तालमी, शाळा हे सारे त्याच विणीत गुंफलेले होते. ही रचना कोणा एका नियोजकाने कागदावर आखलेली नव्हती. पायी चालणाऱ्या माणसाच्या सोयीने ती घडत गेली. ज्या काळी बहुतेकांना पायांवाचून दुसरे साधन नव्हते, त्या काळी शहराला पायांच्या मापानेच वाढणे भाग होते.

या रचनेचा एक विशेष सराफ्यात आजही पाहावयास मिळतो. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री सराफांची दुकाने बंद झाली, की त्यांच्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांचा बाजार भरतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत तो जागा असतो. एकच जागा दोन वेळा, दोन प्रकारच्या लोकांच्या उपयोगी पडते. दोन बाजारांसाठी दोन स्वतंत्र जागा, दोन रस्ते, दोन वाहनतळ लागत नाहीत. आणि रात्रीच्या माणसांच्या वर्दळीमुळे सराफांच्या पेढ्यांनाही एक प्रकारची राखण मिळते. मिश्र वापर हा जागेचा असतो तसाच काळाचाही असतो, हे सराफा आपल्याला शिकवतो.

शहराच्या पूर्वेकडील गिरणी भागातही हेच तत्त्व वेगळ्या रूपात होते. मालवा मिल, हुकूमचंद मिल यांसारख्या गिरण्यांच्या आसऱ्याने परदेशीपुरा, नंदानगर या कामगार वस्त्या वाढल्या. भोंगा झाला, की माणसे पायी किंवा सायकलीने कामावर जात. ते जीवन सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. घरे लहान होती, धूर होता, कष्ट होते. परंतु काम आणि घर यांच्यातील अंतर माणसाच्या आवाक्यातले होते. १९९१मध्ये हुकूमचंद मिल बंद पडली, तेव्हा हजारो कुटुंबांचा रोजगार गेला, आणि त्याबरोबर घराजवळ काम असण्याची ती व्यवस्थाही मोडली.

या शहराचा शास्त्रीय अभ्यास करणारा पहिला मोठा नगररचनाकार म्हणजे पॅट्रिक गेडिस. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ असलेला हा स्कॉटिश विद्वान १९१४मध्ये हिंदुस्थानात आला. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून त्याने इंदूरचा अभ्यास केला आणि १९१८मध्ये त्याचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढे १९१९मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच विभागाची धुरा नंतर मालवणचे सुपुत्र डॉ. गो. स. घुर्ये यांनी सांभाळली. म्हणजे महाराष्ट्रातील समाजशास्त्राच्या परंपरेचा एक धागा इंदूरच्या गल्ल्यांतून गेलेला आहे.

गेडिसचा आग्रह होता, की उपचारापूर्वी निदान आणि निदानापूर्वी पाहणी. तो गल्लीबोळांतून स्वतः पायी हिंडत असे. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढून शेकडो घरे पाडण्याची जी पद्धत त्या काळी प्रगत मानली जात होती, तिला त्याचा विरोध होता. त्याऐवजी त्याने ज्या उपायाचा पुरस्कार केला त्याला मी राखणारी शस्त्रक्रिया म्हणेन. एखादे पडके घर काढावे, तेथे झाड लावावे, दोन बोळ जोडावेत, विहिरीभोवतीची जागा मोकळी करावी. म्हणजे थोड्या खर्चात हवा, उजेड आणि वाट मिळते व माणसे उठवावी लागत नाहीत.

त्याच्या इंदूरमधील मुक्कामाची एक हकिगत त्याच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. शहरात प्लेगची दहशत होती. गेडिसने दिवाळीच्या सुमारास एका मोठ्या मिरवणुकीची योजना केली आणि जाहीर केले, की मिरवणूक ठरीव मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील लोक घरे व गल्ल्या अधिक स्वच्छ करतील त्या रस्त्याने ती जाईल. मग काय, घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिकृती होती आणि सफाई कामगारांना सन्मानाचे स्थान होते. आपले शहर २०१७पासून सलग अनेक वर्षे देशातील स्वच्छ शहरांत पहिले आले, याचा आपल्याला अभिमान आहे. शंभर वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींतून एकच बोध मिळतो. या शहराचे लोक ठरवतात तेव्हा सवयी बदलू शकतात.

गेडिस पायांच्या मापाने विचार करीत होता, त्याच सुमारास पाश्चात्त्य नगररचनेत मात्र उलट प्रवाह जोर धरीत होता. कारखान्यांच्या धुरापासून घरे दूर असावीत, ही मूळ कल्पना योग्यच होती. परंतु तिचा विस्तार होत होत राहणे एकीकडे, काम दुसरीकडे, बाजार तिसरीकडे अशी विभागणी हाच नियम झाला. १९२६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावच्या खटल्यात अशा विभागणीला वैध ठरविले. १९३३च्या अथेन्स येथील परिषदेतून जी सनद पुढे आली, तिने निवास, काम, विश्रांती आणि दळणवळण अशी शहराची चार कार्ये वेगळी केली. आपल्याकडे १९६२च्या दिल्लीच्या बृहत्‌ आराखड्यावर या विचाराची छाप होती, आणि पुढे राज्याराज्यांतील आराखड्यांतही नकाशावरचे पिवळे, निळे, जांभळे पट्टे हीच नियोजनाची भाषा झाली.

या प्रवाहाला प्रभावी उत्तर दिले ते जेन जेकब्ज या विदुषीने, १९६१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी शहरांवरील आपल्या ग्रंथात. त्यांनी जिवंत वस्तीसाठी चार गोष्टी आवश्यक मानल्या : एकाहून अधिक मुख्य उपयोग, लहान लहान गाळ्यांमधून जाणारे पुष्कळ रस्ते, नव्याबरोबर जुन्या इमारती, आणि पुरेशी दाट लोकवस्ती. जुन्या इमारतींचा मुद्दा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. जुन्या इमारतीचे भाडे कमी असते, म्हणून तेथे छोटा शिंपी, घड्याळजी, पुस्तकविक्रेता टिकू शकतो. सारेच नवे झाले, की भाडे वाढते, छोटा व्यवसाय उठतो, आणि त्या कामासाठी लोकांना दूर जावे लागते. म्हणजे जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरील शिंप्याचा आणि चौकातील गर्दीचा संबंध आहे, जरी तो सहजी दिसत नसला तरी.

आता आपण हिशेबाकडे वळू. निरोगी माणूस ताशी सुमारे पाच किलोमीटर वेगाने चालतो. दहा मिनिटांत तो आठशे मीटर जातो. परंतु आठशे मीटर हे सरळ रेषेतील अंतर की प्रत्यक्ष चालण्याचे, हा प्रश्न कळीचा आहे. जुन्या पेठेत बोळांचे जाळे असल्यामुळे ही दोन अंतरे जवळपास सारखी असतात. नव्या वसाहतीला भिंत असते आणि एकच फाटक. भिंतीपलीकडचे दुकान खिडकीतून दिसते, पण तेथे जाण्यास किलोमीटरभर वळसा पडतो. मग घरातील मुलगा अर्धा लिटर दुधासाठी स्कूटर काढतो. त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या भिंतीने त्याला स्कूटरवर बसविले आहे.

या विषयावर परदेशांत पुष्कळ संशोधन झाले आहे. २०१०मध्ये युइंग आणि सर्व्हेरो या अभ्यासकांनी पन्नासहून अधिक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून मांडले. त्यांच्या मांडणीचा मथितार्थ असा, की रस्त्यांच्या छेदांची घनता दहा टक्क्यांनी वाढली तर चालण्याचे प्रमाण सरासरी सुमारे चार टक्क्यांनी वाढते, आणि भूवापराचे मिश्रण दहा टक्क्यांनी वाढले तर वाहनांनी कापलेले अंतर सुमारे एक टक्क्याने घटते. हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, एवढेच? होय, एकेका उपायाचा परिणाम लहान आहे आणि तो तसाच सांगितला पाहिजे. परंतु जवळीक, मिश्रण, जोडलेले रस्ते आणि बससेवा हे घटक एकत्र आले, की परिणामांची बेरीज होते. शिवाय ती एका वर्षापुरती नसते. एकदा बांधलेली वस्ती पन्नास-शंभर वर्षे तसाच परिणाम करीत राहते.

याउलट रस्ता रुंद करण्याचा उपाय झटपट वाटतो. त्याचे काय होते, हे ड्युरांटन आणि टर्नर यांनी २०११मध्ये अमेरिकी महानगरांच्या आकडेवारीवरून दाखविले. महामार्गांची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले अंतरही वाढले. रस्ता मोकळा झाला, की पूर्वी न निघणारी वाहने निघतात आणि लोक आणखी दूर राहावयास जातात. थोड्याच वर्षांत गर्दी पूर्वपदावर येते, फक्त ती अधिक रुंद होते.

येथे एक रास्त आक्षेप आपल्या मनात आला असेल. मिश्र वस्तीने वाहतूक कमी होते म्हणता, मग राजवाड्यापाशी संध्याकाळी पाऊल टाकायला जागा का नसते? तेथे तर सर्वांत अधिक मिश्रण आहे!

या आक्षेपाला टाळून पुढे जाता येणार नाही. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग असा : एका माणसामागे होणारा वाहनप्रवास आणि एका चौकातील गर्दी या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाट वस्तीतील प्रत्येक माणूस वाहन कमी वापरतो हे खरे. पण वस्ती दुप्पट दाट झाली म्हणून माणशी वाहनवापर निम्मा होत नाही. त्यामुळे शहराचा एकूण प्रवास घटला, तरी त्या ठिकाणची गर्दी वाढू शकते. ब्रिटिश संशोधकांनी २०११मध्ये या विसंगतीकडे स्पष्टपणे लक्ष वेधले आहे. दुसरा भाग असा : राजवाड्याचा बाजार केवळ भोवतालच्या वस्तीचा नाही, तो साऱ्या शहराचा आणि आसपासच्या गावांचा बाजार आहे. नव्या वसाहतींत बाजार झालेच नाहीत किंवा अपुरे झाले, म्हणून तेथील माणूस वाहनाने येथे येतो. म्हणजे राजवाड्याची कोंडी ही मिश्र वस्तीचा दोष नसून इतरत्र मिश्र वस्ती न केल्याचा दंड आहे, आणि तो दंड भरतात येथील रहिवासी.

यातून हेही निघते, की नुसते दुकान आणि घर एकत्र आणून भागणार नाही. त्याबरोबर पादचाऱ्याला जागा दिली पाहिजे. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार निवासी भागात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील, हा त्यामागचा हिशेब. आपण येथून बाहेर पडल्यावर सलग शंभर पावले असा पदपथ मिळतो का, हे प्रत्येकाने पाहावे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते, ही केंद्र सरकारची नोंद आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथाचा हक्क हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच सारे आले.

पदपथावर विक्रेता बसतो, ही तक्रार नेहमी होते. परंतु भाजीवाली दाराजवळ बसते म्हणूनच पुष्कळ घरांना भाजीसाठी वाहन काढावे लागत नाही. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांची पाहणी करून त्यांना जागा नेमून देण्याची तरतूद केली आहे. चालण्याची पट्टी मोकळी आणि विक्रीची पट्टी तिच्या कडेला, अशी आखणी अशक्य नाही. छप्पन दुकानचा रस्ता २०२०मध्ये वाहनमुक्त करण्यात आला. तेथे गिऱ्हाईक तुटेल अशी शंका घेणाऱ्यांनी आज संध्याकाळी तेथे जाऊन पाहावे.

सार्वजनिक वाहतुकीच्या बाबतीत आपला अनुभव उद्बोधक आहे. २०१३मध्ये आग्रा-मुंबई मार्गावर सुमारे साडेअकरा किलोमीटरचा स्वतंत्र बसमार्ग सुरू झाला. फेब्रुवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो हटविण्याचा मार्ग मोकळा झाला. मे २०२५मध्ये मेट्रोच्या सुमारे सहा किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचा आरंभ झाला. बस असो वा मेट्रो, तिचे पुष्कळ प्रवासी थांब्यापर्यंत पायीच जातात आणि थांब्यापासून पायीच पुढे जातात. थांब्याभोवती घरे, दुकाने, कार्यालये आणि चालण्याजोगी वाट नसेल, तर कोट्यवधींचे साधनही रिकामे धावते.

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असेही काही जण म्हणतील. २०११च्या जनगणनेत कामावर जाण्याच्या साधनांची नोंद झाली. शेती व घरगुती उद्योग यांव्यतिरिक्त काम करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांपैकी जवळजवळ २३ टक्के पायी जात होते, १३ टक्के सायकलीने, आणि मोटारीने जाणारे ३ टक्क्यांहूनही कमी होते. आपण रस्ते कोणासाठी बांधीत आहोत, याचा विचार या आकड्यांपुढे बसून करावा.

आता शेवटचा मुद्दा. तो आपल्या घरचा आहे, म्हणून थोडे संकोचाने पण स्पष्ट बोलतो. जुन्या वस्तीतील ही वास्तू सोडून बाह्यवळण मार्गालगतच्या मोठ्या जागेत शाळा न्यावी, असा प्रस्ताव संस्थेच्या विचाराधीन असल्याचे आपण सर्व जाणता. त्यामागचा हेतू चांगला आहे. मुलांना मैदान हवे, प्रयोगशाळा हव्यात, आणि येथील कोंडीत शाळेच्या गाड्या वळत नाहीत, हेही खरे. तरीही एक हिशेब आपल्यापुढे ठेवतो.

मूल पायी शाळेत येते तेव्हा वाहनाचा प्रवास शून्य असतो. पालक स्कूटरवरून त्याला सोडतात तेव्हा सकाळी जाणे-येणे आणि दुपारी पुन्हा जाणे-येणे, अशा चार फेऱ्या होतात. शाळा एक किलोमीटरवर असेल तर मुलामागे रोज चार किलोमीटर, दहा किलोमीटरवर गेली तर चाळीस. समजा, अशी केवळ पाचशे मुले असतील, तरी रोजचा वीस हजार किलोमीटरचा वाहनप्रवास आपली एक शाळा शहराच्या माथी मारील. बसगाड्या ठेवल्या तर हा आकडा बराच घटेल. पण बसचे शुल्क ज्यांना झेपणार नाही, ती मुले शाळेतूनच घटतील. आणि ती मुले कोणाची, हे मी या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. ही शाळा धुणीभांडी करणाऱ्या मातांच्या मुलांसाठीही होती आणि आहे, कारण ती चालत येण्याच्या अंतरावर आहे.

क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजकाने १९२९मध्ये आदर्श शेजारवस्तीची कल्पना मांडली. तिच्या मध्यभागी त्याने बाजार ठेवला नाही, कार्यालय ठेवले नाही. शाळा ठेवली, आणि कोणत्याही मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये अशी वस्तीची हद्द आखली. शाळा जेथे असते तेथे वह्यांचे दुकान टिकते, शिकवणी चालते, वाचनालयाला वाचक मिळतो, मराठी बोलणारी चार कुटुंबे त्याच परिसरात घर शोधतात. शाळा उठली, की हा सारा डाव हळूहळू मोडतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांना तरी याची वेगळी उदाहरणे द्यावयास नकोत.

मैदानासाठी दूरची जागा जरूर घ्यावी. आठवड्यातून एकदा मुलांना तेथे न्यावे. पण शाळा येथे ठेवून दुरुस्त करता येईल का, मागची गल्ली सकाळी व दुपारी अर्धा तास वाहनांना बंद ठेवता येईल का, शेजारच्या पडक्या आवाराची वाट मुलांसाठी मिळेल का, याचा आधी शोध घ्यावा. त्यासाठी माझी संस्थेला एकच विनंती आहे. निर्णयापूर्वी पाहणी व्हावी. प्रत्येक विद्यार्थ्याचे घर नकाशावर मांडावे. तो कोणत्या वाटेने येतो, कशाने येतो, कोठे रस्ता ओलांडताना त्याला भीती वाटते, हे त्याच्याचकडून विचारून घ्यावे. वरच्या वर्गांतील विद्यार्थी हे काम एका महिन्यात करू शकतील, आणि माजी विद्यार्थी संघाने त्यांना साहाय्य करावे. तो नकाशा भिंतीवर लावून मगच मतदान घ्यावे. त्यानंतर संस्था जो निर्णय घेईल तो डोळस असेल, आणि तो माझ्या मताविरुद्ध गेला तरी मी त्याचा आदर करीन.